टाळी परतवणारी भिंत

"कान तपासा माजे," श्रीपतीकाका दारातूनच म्हणाले. "आनि आजच तपासा. उद्या उपेग नाय."

पद्मजाबाई आगाशेंच्या दवाखान्यात कुणी खुशीने येत नसे. बहिऱ्या झालेल्या माणसाला बायको ओढून आणायची, नाहीतर सून. आपल्या पायांनी आलेला आणि वर घाई करणारा म्हातारा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्यांनी काकांना तपासणीच्या खोलीत बसवलं. ती खोली म्हणजे सागवानी पेटीच वाटायची. वाटायची एवढंच, कारण भिंतीवर सागवान औषधालाही नव्हतं. भाताचं तूस आणि नारळाचा काथ्या दाबून केलेली पॅनेलं होती ती, वर सागाच्या रेषांचा पातळ थर आणि त्यात उभ्या बारीक खाचा. आवाज त्या खाचांमधून मागच्या काळ्या काथ्याच्या गादीत शिरायचा आणि तिथेच जिरायचा. मुकुल नाचणकरने केलेली ही पहिली खोली. चार पावसाळे गेले, पण एकाही पॅनेलने बाक धरला नव्हता. श्रावणात जिथे दारं लागत नाहीत आणि कपाटं उघडत नाहीत, तिथे ही काही लहान गोष्ट नव्हे.

"पुढे जे, तेच मागे," मुकुल सांगायचा. पुढच्या अंगाला जो थर, तोच मागच्या अंगाला. एकच बाजू झाकली तर उघडी बाजू पावसाळी हवा पिऊन फुगते आणि पॅनेल वाकतं. भिंतीला चिकटणारी बाजूसुद्धा तो तितक्याच प्रेमाने करायचा. पद्मजाबाईंना हा मुलगा फार आवडायचा.

मुकुल मे महिन्यात गेला. खाडीपलीकडच्या आगरवाडीत देवळाशेजारी नवं सभागृह झालं, तिथेही त्याचीच पॅनेलं लावताना परांचीवरून पडून.

"कान ठणठणीत आहेत तुमचे," तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या. "वयाच्या मानाने चांगलेच."

काकांचा चेहरा पडला. "फुटके निघाले असते तर बरं झालं असतं, बाय."

"का हो?"

"सभागृहाचं उद्घाटन झालं. गाऱ्हाणं मीच घातलं. वर रंगमंचावर हुबा राहून म्हटलं, समद्यांची राखण कर महाराजा. लोकांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. ते म्हणायच्या आदीच मागच्या भितीतून कोनतरी म्हणालं, महाराजा."

"आवाज कसा होता?"

"बाप्या माणसाचा. दमलेला."

"खाली बसलेल्यांनी ऐकला?"

"कोनी नाय. मी एकट्यानंच."

पद्मजाबाईंचा भुताखेतांवर राग होता. मेलेल्यांवर नाही, त्यांच्या नावाने खेळ मांडणाऱ्यांवर. तरी पद्मजाबाईंच्या अंगावर काटा आला तो आलाच.

"मी बोललो आनि घात झाला," काका म्हणाले. "मुकुलची बायको, सावनी, ती रोज येते आता. मुकुल काम झालं की एक टाळी मारायचा ना? तशी ती रंगमंचावरनं टाळी मारते. तिला टाळी परत येते. गाव घाबरलाय. देवाला कौल लावला, भित काढू का. देवानं उजवा दिला, म्हंजे काढा. मुकुलचा भागीदार शुभंकरशेट उद्या सकाळी सगळी भित उतरवून नेतोय. नवी पण लावून देणार, फुकटात. माजेच कान वायट निघाले असते तर सांगितलं असतं, भितीला काय झालेलं नाय. त्या पोरीचं तोंड बघवत नाय."

पद्मजाबाईंनी पर्स उचलली. "चला, मला ती भिंत दाखवा."

*

सभागृहाची किल्ली गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीकडे, दीपक मांडवकरकडे होती. त्याने दार उघडलं. आत शिरताच बाहेरचा पाऊस जणू कुणी बंद केला. पावलांचा आवाज पायांपाशीच मरत होता. अशा शांततेत माणसाला स्वतःचा श्वास नको इतका ऐकू येतो.

रंगमंचावर सावनी उभी होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. हात वर केले आणि एक टाळी मारली.

खुर्च्यांमध्ये उभ्या असलेल्या पद्मजाबाईंना एकच टाळी ऐकू आली. सावनी मात्र हसली.

"तुम्ही पण सांगायला आलात ना, भास आहे म्हणून?"

पद्मजाबाई वर चढून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. "परत मार."

टाळी वाजली. एवढ्या मोठ्या सभागृहाने ती गिळली. आणि मग, पापणी लवायच्या आत, समोरच्या अंधारातून एक बारकी, कोरडी टाळी आली. पद्मजाबाईंनी सावनीचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि त्यांचाही.

"भास नाही," त्या म्हणाल्या. "मीही ऐकली."

सावनीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

"तो टाळी मारून थांबायचा, ताई. परत आली नाही की म्हणायचा, झालं काम. आता माझी परत येते. म्हणजे काहीतरी राहिलंय ना त्याचं?"

"जायच्या आधी काही बोलला होता?"

"झोपत नव्हता. माझ्या नावावर खोटं चाललंय, म्हणायचा. कुणाचं खोटं, ते सांगितलं नाही."

पद्मजाबाई पायऱ्या उतरून मागच्या भिंतीशी गेल्या. तिथे माणसापेक्षा उंच पॅनेलं एकाला एक लागून उभी होती. दीपकला खुर्चीवर चढवून त्यांनी फुलपुडीचा दोरा प्रत्येक पॅनेलवर वरपासून खालपर्यंत ताणून धरायला लावला. सगळीकडे दोरा पॅनेलला चिकटला. दाराजवळच्या एका पॅनेलवर मात्र दोरा आणि सागवानी रेषा यांच्यात त्यांची दोन बोटं आरामात शिरली. पॅनेल भिंतीच्या बाजूला पोटात गेलं होतं.

"पाऊस," दीपक म्हणाला. "आता सगळीच वाकणार बघा. मी आधीच सांगत होतो, साधं प्लास्टर करा."

"तुम्हाला ही पॅनेलं नकोच होती."

"नव्हतीच. मुकुलशी भांडलोय पण. पण वैर नव्हतं, बाई. सकाळी मीच त्याला पाह्यला ना."

"कुठे?"

"तिथे, रंगमंचाच्या पुढे. परांचीच्या पायाशी."

"दार?"

"नुसतं ओढलेलं. किल्ली त्याच्याच खिशात."

"लादीवर काही होतं?"

"लादी नवी, म्हणून सगळीकडे प्लॅस्टिक पसरलेलं. पोलीस गेल्यावर शुभंकरशेटनीच गुंडाळून नेलं. रक्त होतं ना."

पद्मजाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि शेजारच्या पॅनेलच्या खाचेत घातला. तो सरळ आत गेला आणि मऊ गादीत रुतला. मग त्यांनी तो वाकलेल्या पॅनेलच्या खाचेत घातला. तिथे तो नखभर जाऊन अडला. दुसरी खाच पाहिली, तिसरी पाहिली, सगळीकडे तसंच.

त्यांनी आकडा पुन्हा केसांत खोचला आणि दीपकला एमआयडीसीसाठी रिक्षा बोलवायला सांगितली.

*

एमआयडीसीतल्या कारखान्यात शुभंकर सावर्डेकरने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. पांढरा शर्ट, गोड बोलणं. माल करायचा मुकुल आणि विकायचा हा.

"उद्या सगळी भिंत का काढता?" पद्मजाबाईंनी विचारलं. "एकच पॅनेल वाकलंय."

"आज एक, उद्या सगळी. आणि मॅडम, त्या सावनीकडे बघवत नाही. मुकुल माझ्या भावासारखा होता."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"देवरूखला. एक काम बघायला. का?"

"उगाच. आगरवाडीला मुकुल नेहमी एकटाच जायचा?"

"त्याला एकटंच लागायचं. आवाज ऐकायला."

दाराशी तयार पॅनेलांची थप्पी होती. पद्मजाबाईंनी वरचं उचलून पालथं केलं. मागची बाजू उघडीबोडकी होती, काथ्याचे धागे हाताला लागत होते.

"मागे थर नाही?"

शुभंकर हसला. "मागचं कोण बघतंय, मॅडम? भिंतीलाच तर लागतं."

त्याच्या टेबलामागच्या भिंतीचा रंग जुना होऊन पिवळा पडला होता. तिथे एक दरवाजाएवढा उभा चौकोन मात्र कोरा करकरीत होता, चारी कडांना स्क्रूची भोकं.

"इथे काय होतं हो?"

"फळा होता. जुना झाला, काढला."

स्वतःची खोली करून घ्यायच्या वेळी पद्मजाबाई याच खुर्चीत बसल्या होत्या. तेव्हा तिथे फळा नव्हता. काय होतं, ते आठवेना. चहा अर्धा ठेवून त्या उठल्या.

रिक्षा भाट्याच्या पुलावर आली आणि त्यांना आठवलं. त्यांनी लगेच उपनिरीक्षक गौरव चाळकेला फोन लावला. गौरवच्या आईचं श्रवणयंत्र त्यांनीच बसवलेलं, त्यामुळे तो त्यांचा फोन दुसऱ्या घंटीला उचलत असे.

"मुकुलच्या शवविच्छेदनात वेगळं काही होतं का रे?"

त्याने कागद चाळले. "डोक्याच्या मागे मार. आणि... लगेच गेला नाही तो. मार लागल्यावर बराच वेळ जीव होता."

"उद्या सकाळी आगरवाडीला ये," त्या म्हणाल्या. "कायद्याने जे जे लागतं ते सगळं घेऊन ये. आणि आईला सांग, यंत्र रात्री काढून ठेवत जा म्हणावं."

*

सकाळी सभागृहाबाहेर शुभंकरचा टेंपो उभा होता. आत श्रीपतीकाका, दीपक, गावातली दोन-चार माणसं, आणि मागे हाताची घडी घालून गौरव. सावनी रंगमंचाच्या पायरीवर बसली होती. भिंत काढू नका म्हणून ती रात्रभर रडली होती, हे तिच्या डोळ्यांवरूनच कळत होतं.

"चला, डाव्या बाजूने उतरवा सगळी," शुभंकर कामगारांना म्हणाला.

"थांबा," पद्मजाबाई म्हणाल्या. "आधी दाराजवळचं एकच काढायचं."

"एकाने काय होणार?"

"टाळी थांबेल."

पद्मजाबाई सावनीजवळ जाऊन बसल्या. त्यांना हे काम मुळीच करायचं नव्हतं.

"ऐक गो. तुला येतेय ती टाळी तुझीच आहे. बाकीची पॅनेलं आवाज पितात. ते एक पीत नाही, आणि दाढीच्या आरशासारखं पोटात वाकलंय. इथे उभं राहून बोललेलं गोळा करून ते इथेच परत पाठवतं. काकांना त्यांचंच 'महाराजा' ऐकू आलं. ते काढलं की पुन्हा कधी येणार नाही. पण ते काढल्याशिवाय मुकुल कसा गेला ते कळणार नाही. तू नको म्हणालीस तर मी आत्ता घरी जाते."

सावनी उठली, वर गेली आणि रंगमंचाच्या मध्यावर उभी राहिली. टाळी मारली नाही तिने. घरातून निघताना दारात थांबून म्हणतात तसं ती म्हणाली, "येते हं."

पद्मजाबाई तिच्यामागोमाग वर जाऊन शेजारी उभ्या होत्या, म्हणून त्यांनाही ऐकू आलं. अंधारातून, दमलेल्या आवाजात, भिंतीने तिचा निरोप परत केला.

"काढा," सावनी म्हणाली.

कामगारांनी पट्ट्या सैल केल्या. पॅनेल सुटलं आणि त्यांनी ते पालथं करून खुर्च्यांवर ठेवलं. मागची बाजू उघडीबोडकी होती.

"हे मुकुलचं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "पुढे थर, मागे काही नाही. उघड्या बाजूने पावसाळाभर हवा प्यायली, मागून फुगलं आणि पुढून पोटात गेलं. या खाचाही नुसत्या वरवर कोरलेल्या आहेत, आरपार नाहीत. दिसायला मुकुलचं, कामाला काहीच नाही. असं पॅनेल कुठे असतं? गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्यात. शुभंकर, तुमच्या टेबलामागे फळा नव्हता. तिथे हा नमुना होता, चारी कडांनी स्क्रूंनी आवळलेला, म्हणून तिथे सरळ राहिलेला. त्याच्यावरून हात फिरवून मी माझ्या खोलीचा रंग निवडला होता."

शुभंकर हसायचा प्रयत्न करत होता. "एखादं कमी पडलं असेल. मुकुलनेच लावलं असेल."

"मुकुलने? मागची बाजू उघडी ठेवून?" पद्मजाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तो स्वतःच्या घराला आग लावेल, पण हे करणार नाही. हे त्यानेच करावं, ज्याला पुढचीच बाजू दिसते."

"पण कशासाठी बदलायचं?" दीपकने विचारलं.

"कारण तिथे जे होतं ते ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. माझ्या नावावर खोटं चाललंय, असं मुकुल म्हणत होता. कारखान्यातली थप्पी पाहिली तर ते खोटं काय, हे कळतं. मागचा थर गाळून त्याच्या नावाने माल विकला जात होता. तो आता हे गिऱ्हाइकांना सांगणार होता. त्या संध्याकाळी इथे भांडण झालं. परांचीवर नाही, या दाराजवळ. मुकुलला ढकललं, डोकं पॅनेलच्या कडेच्या पट्टीवर आपटलं. पॅनेल फुटलं, रक्ताने माखलं. त्याला प्लॅस्टिकवरूनच ओढत परांचीखाली नेलं की अपघात झाला. पण भिंतीवरचं रक्त परांचीपासून एवढ्या लांब कसं? म्हणून पॅनेल बदलावं लागलं. त्या रात्री तसंच दिसणारं, त्याच मापाचं दुसरं तयार एकच होतं, हा नमुना."

"हे सगळं तुमच्या मनातलं," शुभंकर म्हणाला. "पुरावा काय?"

"तुम्ही सगळं पुसलंत. पण मुकुलच्या खाचा आरपार असतात, शुभंकर. आवाज जसा मागे जातो, तसं बाकीचंही जातं."

त्या बाजूला झाल्या. भिंतीवर आता काळी काथ्याची गादी उघडी पडली होती. काळ्यावर काही दिसत नव्हतं. गौरवने हातमोजे घातले, ओला पांढरा कापूस हलकेच गादीवर टेकवला आणि वर धरला. कापूस तांबूस तपकिरी झाला होता.

"प्रयोगशाळा सांगेल कुणाचं ते," तो म्हणाला. "आणि त्या संध्याकाळी देवरूखला तुम्हाला कुणी पाहिलं, तेही विचारू."

"एक राहिलं," पद्मजाबाई म्हणाल्या. हे त्यांना सावनीसमोर बोलायचं नव्हतं, पण बोलावंच लागणार होतं. "कारखान्यात जाऊन नमुना उतरवायचा, टेंपोत घालून आणायचा, इथे बसवायचा. केवढा तरी वेळ. आणि मुकुल लगेच गेला नव्हता."

सावनीने मान वर केली. "तो जिवंत होता?"

ती शुभंकरच्या समोर जाऊन उभी राहिली. "त्याने हाका मारल्या?"

शुभंकरच्या चेहऱ्यावरचा गोडवा गळून पडला. तो मटकन खुर्चीत बसला.

"मारत होता," तो म्हणाला. "माझंच नाव घेत होता. मी परत आलो तेव्हापण घेत होता. मी तिथे, दाराशी, स्क्रू पिळत होतो. मला वाटलं, बाहेर कुणी ऐकेल. कुणीच ऐकलं नाही. आवाज कुठे लागतच नव्हता हो. त्यानेच तसं केलं होतं ना सगळं. त्याच्या तोंडातून निघायचा आणि संपायचा." त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मला अजून ऐकू येतो."

श्रीपतीकाकांनी तोंड फिरवलं. गौरव पुढे झाला आणि त्याने शुभंकरला दंडाला धरून उठवलं. पाऊस ओसरला होता. टेंपो रिकामाच परत गेला.

भिंत तशीच राहणार, असं दीपकने सगळ्यांना सांगून टाकलं. देवाला पुन्हा कौल लावायची गरज कुणाला वाटली नाही. देवाने काढा म्हटलं होतं, तसं एक काढलंही होतं.

माणसं बाहेर पडली. सावनी जागची हलली नाही, म्हणून पद्मजाबाईही थांबल्या.

"या जागी आता काय लावायचं, ताई?"

"तुला येतं ना करायला?"

"त्याच्याबरोबर केलीत कितीतरी." तिने गादीच्या कडेला हात लावला, मग काढून घेतला. "मी करीन. पुढे जे, तेच मागे."

ती रंगमंचावर चढली. मध्यावर उभी राहिली. पद्मजाबाईंना वाटलं, तिला अडवावं. पण त्या खालीच थांबल्या.

सावनीने हात वर केले आणि एक टाळी मारली. मग मान थोडी तिरकी करून ती थांबली, मुकुल थांबायचा तशीच.

काहीच परत आलं नाही.

"झालं काम," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागली. पद्मजाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.